चिखलातली धावपट्टी, लष्करी हँगर आणि जेआरडी

धुळे शहराजवळ गोंदूर येथे विमानतळ आहे. तेथून नियमित प्रवासी सेवा चालत नाही. तरीही गोंदूरच्या आकाशात विमानाचा आवाज नवा राहिलेला नाही. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने तेथे घिरट्या घालतात, धावपट्टीला चाके टेकवतात आणि पुन्हा वर उठतात. ही विमाने बॉम्बे फ्लाइंग क्लबची. क्लबचे माहेर मुंबईतले जुहू. पण महानगराच्या गजबजलेल्या आकाशात नवशिक्यांना जागा उरली नाही, आणि उड्डाणाचे धडे खानदेशाच्या मोकळ्या आभाळात गिरवले जाऊ लागले. याच क्लबमध्ये विमान शिकलेल्या एका तरुणाला १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. भारतात प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवणारा तो पहिला वैमानिक. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

उद्योगपती म्हणून जेआरडींची ओळख साऱ्या देशाला आहे. पोलाद, रसायने, मोटारी, विज्ञानसंस्था या सर्वांवर त्यांचा ठसा आहे. परंतु त्यांचे मन ज्यात गुंतले ते विमानात, आणि विमानासाठी आधी जमीन लागते. जेआरडींच्या आयुष्याची अर्धी कहाणी या जमिनीची आहे. ती त्यांच्या मालकीची कधीच नव्हती. कधी ती भरतीच्या पाण्याखाली जाणारी होती, कधी लष्कराने युद्धासाठी घडवलेली, आणि अखेरीस सरकारची.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग व सहकारी. आई सुझान फ्रेंच, विवाहानंतर ती सूनी झाली. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डलो येथे टाटा कुटुंबाचे उन्हाळी घर होते आणि जवळच लुई ब्लेरियो यांचेही. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा हाच तो ब्लेरियो. हार्डलोच्या वाळूवर विमाने उतरत आणि लहानगा जहांगीर ती डोळे विस्फारून पाहत असे. पंधराव्या वर्षी त्याने तेथेच पहिल्यांदा विमानात बसून फेरी मारली. आपणही वैमानिक व्हायचे, हे त्याच दिवशी ठरून गेले.

फ्रेंच नागरिक असल्याने त्यांना फ्रान्सच्या सैन्यात सक्तीची सेवा करावी लागली. त्यांची नेमणूक घोडदळाच्या स्पाही तुकडीत झाली. लष्करातच राहण्याचा विचार त्यांच्या मनात होता. वडिलांनी मात्र त्यांना भारतात बोलावून घेतले. पुढे ती तुकडी मोरोक्कोतील लढाईत कापली गेली. वडिलांची आज्ञा मोडली असती, तर भारताच्या हवाई इतिहासाचे काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १९२६ मध्ये वडीलही गेले. बाविसाव्या वर्षी जेआरडी टाटा सन्सचे संचालक झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

परवाना मिळाल्यावर वर्षभरातच एक स्पर्धा चालून आली. इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने विमान चालवून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. प्रवास कोणत्याही बाजूने केला तरी चालणार होता. जेआरडी मे १९३० मध्ये कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण इंग्लंडहून येत होता. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर पडली. अस्पी अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. काही तासांच्या फरकाने बक्षीस अस्पीने जिंकले. याच यशाने त्याला हवाई दलाची वाट खुली केली आणि १९६० मध्ये एअर मार्शल अस्पी इंजिनिअर भारताचे हवाईदलप्रमुख झाले. त्या प्लगांचा सौदा देशाला फायद्याचाच ठरला, म्हणायचा!

नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक त्याच सुमारास भारतात आला होता. हवाई टपालाची कल्पना त्याची. इम्पीरियल एअरवेजचे इंग्लंडहून येणारे टपाल कराचीपर्यंत येई. तेथून पुढे मुंबई-मद्रासकडे ते विमानाने न्यावे, असा त्याचा प्रस्ताव होता. वृद्ध सर दोराबजी टाटा फारसे राजी नव्हते, पण दोन लाख रुपयांच्या आतबाहेरचा हा खेळ त्यांनी अखेर मान्य केला. सरकारने अनुदान देण्याचे नाकारले. तरीही जेआरडी मागे हटले नाहीत.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जेआरडींनी पुस मॉथ विमान उडवले. ड्रिग रोड हा मुळात ब्रिटिश हवाई दलाचा तळ. अरबस्तानातील पराक्रमामुळे जगभर गाजलेला लॉरेन्स नाव बदलून साधा सैनिक म्हणून याच तळावर काही काळ राहून गेला होता. जेआरडींच्या विमानात ५५ पौंड टपाल होते. अहमदाबादेस ते इंधनासाठी थांबले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकले. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेला. भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ इतका साधा होता. रेडिओ नव्हता, दिशादर्शक दिवे नव्हते, आणि कार्यालय म्हणजे जुहूच्या किनाऱ्यालगतची झावळ्यांनी शाकारलेली एक शेड.

जुहूची जागा म्हणजे समुद्रालगतचे चिखलाचे मैदान. उन्हाळ्या-हिवाळ्यात ते खणखणीत वाळे, पण पावसाळा लागला की धावपट्टी पाण्याखाली जाई. टपालाचा करार पावसाला सूट देत नव्हता. मग विमाने, वैमानिक, मेकॅनिक, हत्यारे असा सारा बाडबिस्तरा दरवर्षी घाट चढून पुण्याला जाई. येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावरून सेवा चाले. पावसाळा ओसरला की मंडळी जुहूला परतत. वेळेवर टपाल पोहोचवण्याचा या छोट्या कंपनीचा लौकिक मात्र सरकारदरबारीही मान्य झाला. हवाई वाहतुकीत अवघड काय असेल तर ते जमिनीवरचे असते, हा धडा जेआरडींना या वार्षिक स्थलांतराने दिला असावा.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. वर्षभरात दुसरे महायुद्ध पेटले. नागरी विमाने युद्धकार्यासाठी घेतली गेली. मुंबईच्या संरक्षणासाठी पुण्याजवळ लोहगावचा तळ उभा राहिला होता. मुंबईत जुहूच्या पूर्वेस, सांताक्रूझ गावाजवळ, ब्रिटिश हवाई दलाचा प्रशस्त विमानतळ होता आणि १९४२ पासून तेथे लढाऊ तुकड्यांचा राबता सुरू झाला. सुमारे दीड हजार एकरांचा हा पसारा, त्यावर तीन धावपट्ट्या. वारा कोणत्याही दिशेने वाहो, विमानाला त्याला सामोरे जाऊन उतरता यावे, म्हणून त्या काळचे तळ असे अनेक दिशांच्या धावपट्ट्यांचे बांधत. युद्धाने जेआरडींचे एक मोठे नुकसानही केले. पुण्यात विमानांचा कारखाना काढण्याच्या बोलण्यांसाठी इंग्लंडला गेलेला व्हिन्सेंट जानेवारी १९४२ मध्ये परतीच्या वाटेवर विमानासह नाहीसा झाला. ज्याच्या कल्पनेतून सारे सुरू झाले, तो भागीदार असा गेला.

युद्ध संपले. ब्रिटिश हवाई दल आवराआवर करू लागले आणि १९४६ च्या सुमारास सांताक्रूझचा तळ नागरी खात्याकडे येऊ लागला. इमारती कुठल्या? हवाई दलाने सोडून दिलेली दोन जुनी हँगर होती. एकात देशांतर्गत प्रवाशांची सोय झाली, दुसऱ्यात परदेशी जाणाऱ्यांची. एअर इंडियाने आपल्या प्रवाशांसाठी शेजारीच स्वतःची जागा केली. आरंभी दिवसाकाठी सहा विमानसेवा होत्या. फाळणीत कराची पाकिस्तानात गेली आणि पश्चिमेकडून येणाऱ्या विमानांचे भारतातले दार मुंबई झाले. १९४९ पर्यंत हा आकडा चाळीसवर गेला. लष्करी तळाचे महानगराच्या विमानतळात रूपांतर कोणा नगररचनाकाराच्या आराखड्याने नव्हे, तर इतिहासाच्या धक्क्याने झाले.

जेआरडींना हवे होते ते हेच. टाटा एअरलाइन्स २९ जुलै १९४६ रोजी, म्हणजे त्यांच्या वाढदिवशीच, एअर इंडिया या सार्वजनिक कंपनीत परिवर्तित झाली होती. आता त्यांची नजर परदेशी मार्गांवर होती. सरकारचा ४९ टक्के वाटा घेऊन मार्च १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. प्रवाशांत जेआरडी स्वतः होते. सोळा वर्षांपूर्वी चिखलाच्या मैदानावर ५५ पौंड टपाल घेऊन उतरलेला माणूस आता युरोपला जाणाऱ्या स्वतःच्या कंपनीच्या विमानात बसला होता. जुहूच्या मैदानावर अशा अवजड विमानाचा निभाव लागला नसता. त्याची गरज भागवली ती युद्धासाठी ओतलेल्या काँक्रीटने. हवाई दलानेही जेआरडींना आपले मानले. १९४८ मध्ये मानद ग्रुप कॅप्टन, पुढे एअर कमोडोर आणि १९७४ मध्ये एअर व्हाइस मार्शल असे मान त्यांना मिळाले.

जुहू आणि सांताक्रूझ यांत हवेतून अंतर इतके थोडे, की परदेशी वैमानिकही फसत. १९५३ च्या जुलैत ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि ते पुन्हा उडवायला नऊ दिवस लागले. १९७२ मध्ये जपानी कंपनीच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली.

युद्धाने मागे ठेवलेल्या विमानतळांत नागपूरचे सोनेगावही होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आखलेले हे मैदान दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानांचा विसावा बनले आणि नंतर नागरी खात्याकडे आले. युद्धोत्तर काळात अमेरिकी सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विकली गेली आणि ती घेऊन कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. सरकार परवाने वाटत सुटले आहे, इतक्या कंपन्यांना पुरेल एवढी वाहतूक देशात नाही, अशी जेआरडींची तक्रार होती. त्यातच दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना आणली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघायचे, मध्यरात्रीनंतर चारही नागपुरात एकत्र यायची, टपाल आणि प्रवासी यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायचे. भुसावळमार्गे आगगाडीने जाणारे मुंबई-कलकत्ता टपाल आता एका रात्रीत पोहोचणार होते. भुसावळ जंक्शनवर टपालाच्या थैल्यांची उलाढाल पाहणाऱ्यांना या कल्पनेचे अप्रूप वाटले असल्यास नवल नाही.

जेआरडींनी या योजनेस विरोध केला. रात्री उतरण्याच्या पुरेशा सोयी नाहीत, सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि हिशेबही जमत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मंत्रिमहाशय ऐकेनात. जानेवारी १९४९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने सेवा सुरू केली. ती काही महिन्यांत थांबली आणि मग आणखी एका कंपनीने ती चालवली. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून रात्री मद्रासकडे निघालेले डाकोटा कोसळून १३ जणांचा बळी गेला, तेव्हा जेआरडींची धास्ती अगदीच अनाठायी नव्हती हे दिसले. परंतु न्यायाने सांगायचे तर योजना फसली नाही. नागपूरची ती मध्यरात्रीची गजबज पुढे वर्षानुवर्षे चालली आणि लोकांच्या पसंतीस उतरली. जेआरडींचा हिशेब सहसा चुकत नसे, येथे तो काहीसा चुकला.

या वादाने सरकार आणि टाटा यांच्यातील दुरावा वाढला. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने हवाई वाहतुकीची चौकशी केली. राष्ट्रीयीकरणाची घाई करू नये, असा तिचा कल होता. पण कंपन्या डबघाईस येत होत्या आणि सरकारचा निर्णय होत आला होता. जेआरडींना तो सल्लामसलतीविना, जवळजवळ ठरल्यावरच कळला. ही वागणूक त्यांच्या जिव्हारी लागली. पंडित नेहरूंशी त्यांचा जुना स्नेह. तरीही नाराजी त्यांनी लपवली नाही. १ ऑगस्ट १९५३ रोजी सर्व कंपन्या सरकारजमा झाल्या.

यानंतर त्यांनी जे केले, त्याचे आजही कोडे वाटावे. अपमान गिळून त्यांनी सरकारी एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद स्वीकारले, तेही बिनपगारी. देशांतर्गत आणि परदेशी सेवा यांचे एकच महामंडळ होऊ नये, नाहीतर परदेशी सेवेचा दर्जा खालावेल, हा त्यांचा आग्रह सरकारने मानला होता. ज्या घरातून मालक म्हणून बाहेर काढले, त्याच घराची राखण करायला हा माणूस परत आला आणि पुढची पंचवीस वर्षे राहिला. विमानप्रवासात ते टिपणे घेत. चहाचा रंग कॉफीसारखा का, खुर्चीची पाठ किती झुकते, काउंटरवर धूळ का, हे सारे त्यांच्या टिपणांत उतरे आणि अधिकाऱ्यांची झोप उडवी. १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ जेट विमाने आणली, त्याच वर्षी न्यूयॉर्क गाठले आणि १९६२ पर्यंत तिच्या ताफ्यात केवळ जेट विमाने उरली. सांताक्रूझला १९५८ मध्ये नवी इमारत झाली. जुन्या हँगरांच्या बाजूचा दक्षिणेकडील भाग मात्र विमानांच्या देखभालीसाठी वापरात राहिला.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे सम्राट अशोक हे जंबो जेट वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. जेआरडींच्या कारकिर्दीतला तो सर्वांत काळा दिवस. महिनाभरातच मोरारजी देसाई सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. ही बातमी त्यांना सरकारकडून नव्हे, तर त्यांच्या जागी नेमलेले माजी हवाईदलप्रमुख पी. सी. लाल यांच्याकडून कळली. लष्कराने बांधलेल्या धावपट्टीवर वाढलेल्या कंपनीची सूत्रे एका निवृत्त सेनानीकडे गेली, हा योगायोग. दोष नेमणूक झालेल्याचा नव्हता, नेमणाऱ्यांच्या शिष्टाचाराचा होता. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने जेआरडींना संचालक मंडळावर परत घेतले, अध्यक्षपदावर मात्र नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ७८ वर्षांचे जेआरडी एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानात एकटे बसले आणि कराचीहून अहमदाबादमार्गे पुन्हा जुहूला येऊन उतरले. १९६२ मध्येही त्यांनी तेच केले होते. यावेळी वय, प्रकृती आणि घरच्यांची काळजी हे सारे आड येत होते. नव्या पिढीत त्या काळचा उत्साह पुन्हा जागा व्हावा, ही त्यांची इच्छा. जुहूवर उतरलेला तो सडपातळ, पांढऱ्या केसांचा वैमानिक पाहायला मोठा जमाव लोटला होता. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांच्या विमानतळांचे पुढे निरनिराळे झाले. जुहू आज प्रामुख्याने हेलिकॉप्टरांचे आहे. समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारी माणसे तेथून उडतात. सांताक्रूझ आता छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि एका धावपट्टीवर चालणाऱ्या जगातील अतिव्यस्त विमानतळांत त्याची गणना होते. चारही बाजूंनी वस्ती दाटल्याने त्याला हातपाय पसरायला जागा नाही. नागपूरच्या विमानतळाला २००५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव दिले गेले. भारतीय हवाई दलाचा वावर तेथे अजून आहे आणि शेजारच्या मिहान प्रकल्पात बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेला विमान-दुरुस्तीचा मोठा कारखाना उभा आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया एकोणसत्तर वर्षांनी टाटा समूहाकडे परतली. विमाने आली, वैमानिक आले, बॉबी कुका यांनी १९४६ मध्ये घडवलेला महाराजाही आला. देखभाल-दुरुस्ती पाहणारी कंपनी मात्र त्या व्यवहारातून वगळली होती. ती सरकारकडेच राहिली, आणि तिच्याबरोबर नागपूरचा कारखानाही.